मातीखालचा क्रोकस

आल्प्समधल्या कुरणांवरचे बर्फ वितळू लागते तेव्हा नवे गवत यायला अजून अवकाश असतो. बर्फाच्या ओझ्याखाली दबून गेलेले गेल्या वर्षीचे पिवळे पाते, भिजलेली काळी माती आणि रोज थोडी मागे सरकणारी बर्फाची कड, एवढेच काय ते समोर असते. त्या कडेशी, पुष्कळदा बर्फाचा उरलेला पातळ थर भेदून, पांढरी आणि जांभळी फुले वर येतात. खालच्या दऱ्यांत हा बहर मार्चमध्ये येतो. दोन हजार मीटरच्या आसपास त्यालाच मे किंवा जून उजाडतो. या फुलाचे शास्त्रीय नाव क्रोकस व्हर्नस. पिरेनीज, ज्यूरा आणि आल्प्स ही त्याची मुख्य घरे.

बहुतेक लोकांची क्रोकसशी भेट या बहरात होते आणि तेथेच संपते. एक फूल थोडे दिवस टिकते, एका कुरणाचा बहर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, आणि मग वर्षभर त्या जागी काही आहे याची वरून खूणसुद्धा राहत नाही. परंतु वनस्पती तेथेच असते. तिचे अन्न, पुढच्या वर्षीची कळी, फुलाचे किंजपुट आणि तिची जात ठरवणाऱ्या कितीतरी खुणा जमिनीखाली असतात. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मला सर्वांत आधी हेच सांगायचे आहे : क्रोकस हा मातीखाली जगणारा जीव आहे आणि फूल ही त्याची वर्षातली एक छोटी फेरी आहे. हे एकदा मनात बसले, की या प्रजातीचे शरीर, तिचे वर्तन, तिच्या वर्गीकरणातले दीडशे-दोनशे वर्षांचे वाद, सगळेच उलगडू लागते.

मराठी वाचकाला क्रोकस परका वाटू नये. श्रीखंडात, बासुंदीत पडणारी केशराची काडी क्रोकस सॅटिव्हस या जातीच्या किंजल्काची असते. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारी शेतांत ती जात लावतात, आणि ती फुलते शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मात्र आपण जिला रानवनस्पती म्हणू तशी ही जात नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण २४. त्यामुळे तिला बी धरत नाही आणि माणसाने कंद वेगळे करून लावले तरच ती पसरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासांनी तिचे मूळ ग्रीसमधल्या क्रोकस कार्टराइटिआनस या रानजातीत, अथेन्सच्या परिसरातल्या झाडांत असल्याचे दाखवले. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात पोचलेला क्रोकस हा त्या कुळातला अपवाद आहे. आपण ज्या वासंतिक जातींकडे वळत आहोत त्या बी धरतात, डोंगरउतारांवर स्वतःच्या बळावर पिढ्या चालवतात, एकमेकींशी संकर करतात आणि म्हणूनच अभ्यासकाला अधिक छळतात. त्यांच्या किंजल्कांचा रंग नारिंगी असला तरी त्यांपासून बाजारातले केशर मिळत नाही.

क्रोकस ही आयरिस कुलातली प्रजाती. पश्चिमेला पोर्तुगाल आणि मोरोक्को, पूर्वेला तिएनशान पर्वत ओलांडून पश्चिम चीन, असा तिचा पट्टा आहे आणि सर्वांत जास्त जाती तुर्कस्तानात सापडतात. पावसाचा उन्हाळा नसलेला, हिवाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात कोरड असलेला हा प्रदेश आहे. आल्प्समधली जात या नियमाच्या काठावर उभी आहे, कारण तेथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो. पण जगण्याची पद्धत तिने पूर्वजांकडून घेतलेलीच ठेवली.

आता कंदाकडे येऊ. कांद्यात अन्न साठते ते पानांच्या मांसल तळांत. कांदा कापला की पापुद्रे सुटतात. क्रोकसच्या कंदात पापुद्रे नसतात. अन्न खोडातच साठते आणि कापला तर बटाट्यासारखा सलग गर दिसतो. याला दृढकंद म्हणतात, आणि आपल्याकडे सुरण व शेवळ यांचे कंद याच प्रकारचे. कोकणात पहिल्या पावसाच्या सुमारास रानातून शेवळे येतात, ती पाने येण्याआधीच. काकडांबरोबर त्यांची भाजी करणाऱ्या घरांना ते ठाऊक आहे. गेल्या हंगामात साठवलेल्या अन्नावर आधी फुलोरा काढायचा आणि पाने मागाहून आणायची, हा शेवळाचा क्रम क्रोकस समजून घ्यायला फार उपयोगी पडतो. फरक ऋतूचा आहे. शेवळ उन्हाळा झोपून काढते आणि पावसाची वाट पाहते. आल्प्समधला क्रोकस उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विसावतो, शरदात मुळे फोडतो, हिवाळा बर्फाखाली काढतो आणि बर्फ वितळण्याच्या क्षणासाठी पूर्ण तयार असतो, कारण कळी आधीच्या वर्षीच कंदात घडलेली असते. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउनकिएर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींची विभागणी केली ती प्रतिकूल ऋतूत त्यांच्या कळ्या कोठे असतात या प्रश्नावर. कळी मातीत दडवणाऱ्या वनस्पतींचा त्यांनी वेगळा गट केला. क्रोकस त्या गटाचे नमुनेदार उदाहरण आहे.

दृढकंद दरवर्षी नवा होतो. फुलण्यात आणि पाने काढण्यात जुना कंद रिकामा होत जातो, आणि पानांनी बनवलेले अन्न त्याच्या डोक्यावर नव्या कंदात भरते. जून उजाडेपर्यंत जुन्याची एक सुरकुतलेली चकती उरते. यातून एक अडचण उभी राहते. नवा कंद दरवेळी जुन्याच्या वर बसत असेल, तर दर वर्षाला झाड थोडे वर सरकणार आणि काही दशकांत जमिनीबाहेर येणार. तसे होत नाही, याचे कारण संकोची मुळे. नेहमीच्या बारीक मुळांखेरीज क्रोकसला एखादे जाड, पांढरे, पाणीदार मूळ येते. ते आधी खोल जाऊन माती पकडते, मग त्याच्या पेशी आखडतात, मुळावर आडव्या सुरकुत्या पडतात आणि कंद खाली ओढला जातो. बियांपासून आलेल्या रोपाचे तर हेच मोठे काम असते. बी पृष्ठभागाजवळ रुजते, आणि फुलण्याच्या वयाला, म्हणजे साधारण तीन-चार वर्षांच्या वयाला येईपर्यंत रोप स्वतःला हव्या त्या खोलीवर नेऊन ठेवते. वनस्पती हलत नाहीत असे आपण शाळेत शिकतो. मातीत हात घालून सुरकुतलेले संकोची मूळ पाहिलेला विद्यार्थी ते वाक्य पुन्हा सहज उच्चारत नाही, असा माझा विश्वास आहे.

कंदाभोवतीचे आवरण हे या प्रजातीच्या वर्गीकरणाचे मोठे साधन आहे, आणि नवशिक्याचे सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. हे आवरण म्हणजे मागच्या पानांचे वाळलेले तळ. काही जातींत ते जाळीसारखे तंतुमय असते, काहींत समांतर धाग्यांचे, काहींत कातडीसारखे गुळगुळीत, आणि क्रोकस बायफ्लोरस, क्रोकस क्रायसॅन्थस यांच्या गटात ते बुडाशी कंकणांसारख्या गोल कड्यांत सुटते. आपल्या क्रोकस व्हर्नसचे आवरण बारीक जाळीचे असते. क्रोकस सीबेरीचे जाळे त्याहून ठळक. फुलाच्या रंगावर विसंबलेला माणूस या प्रजातीत हमखास चकतो, कारण एकाच कुरणात पांढरी, जांभळी आणि जांभळ्या रेघांची फुले शेजारीशेजारी असतात. आवरण इतके बदलत नाही. जुन्या वनस्पतिसंग्रहांत कंदाशिवाय उपटून आणलेले क्रोकस आहेत. रंग उडालेला, आवरण नाही, अशा नमुन्यावरून जात सांगणे बहुधा अशक्यच होते.

पानांचे एक वैशिष्ट्य कोणालाही दिसण्यासारखे आहे : मधोमध धावणारी पांढरी रेघ. तेथे हरितद्रव्याने भरलेला पेशीथर नसतो, मोठ्या, फिकट पेशी असतात. पान आडवे कापून भिंगाखाली धरले तर खाली कण्यासारखा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना वळलेल्या कडा दिसतात. फुलताना पाने आखूड असतात. फूल संपल्यावर ती लांबतात, आणि झाडाचे वर्षभराचे सगळे अन्न या काही आठवड्यांत तयार होते. म्हणूनच फुले न तोडणारा पण पाने हिरवी असताना गवत कापणारा माणूस कुरणाचे जास्त नुकसान करतो.

फुलाची रचना मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण येथे डोळे सर्वांत जास्त फसतात. जमिनीतून वर आलेली पांढरट दांडी आपण देठ समजतो. ती परिदलांची, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांसारख्या दलांची, नळी असते. सहा परिदले, तीन बाहेरची आणि तीन आतली, खाली जुळून ही नळी बनते आणि ती मातीत पाच ते पंधरा सेंटिमीटर उतरते. खरा देठ त्याहून खाली, आखूड, आणि त्याच्या टोकावरचे किंजपुट फुलण्याच्या काळात मातीतच असते. नळीच्या आतून किंजल वर येतो आणि फुलाच्या घशात तीन फाट्यांत उघडतो. केसरदले तीनच, त्यांचे परागकोश बाहेरच्या बाजूला फुटतात. हिवाळा काढून बाहेर पडलेल्या बम्बलबी माश्यांच्या राण्या या पहिल्या परागासाठी येतात. किंजल्कावर पडलेल्या परागकणातून निघालेली नलिका किंजलाच्या पूर्ण लांबीतून खाली जाऊन मातीतल्या बीजकापर्यंत पोचते. एवढ्याशा कणाने एवढे अंतर काटावे याचे आश्चर्य मला आजही कमी झालेले नाही. रात्रीचे दव गोठवणारी थंडी वरच्या परिदलांना करपवून गेली, तरी किंजपुटाला मातीची ऊब असते.

फलन झाल्यावर तो आखूड देठ लांबू लागतो आणि बोंड जमिनीवर आणून सोडतो. बोंड तीन फाकांत उकलते. क्रोकसच्या अनेक जातींत बीजाला एक मांसल उपांग असते. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात आणि उपांग खाऊन बी टाकून देतात. फुलाला हात लावायलाही न धजणारे प्रवासी जूनमध्ये याच बोंडांवरून बिनदिक्कत चालत जातात, कारण ती कोणाला ओळखूच येत नाहीत. या विषयात नव्याने येणाऱ्याने जूनमधल्या कुरणाला एक फेरी द्यावी, असा माझा आग्रह आहे.

फुलाच्या उघडमिटीबद्दलही थोडे सांगायला हवे. ढग सूर्यावर आला की क्रोकस मिटतो, ऊन पडले की उमलतो. ही प्रतिक्रिया मुख्यतः तापमानाला असते. जर्मन वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोकस आणि ट्यूलिपवर याचा अभ्यास केला आणि तापमानातल्या अगदी लहान फरकालाही क्रोकस उत्तर देतो हे दाखवले. ऊब मिळाली की परिदलांच्या आतल्या बाजूच्या पेशी भराभर वाढतात आणि परिदल बाहेर झुकते. गारवा आला की बाहेरच्या बाजूची वाढ पुढे जाते आणि परिदल आत वळते. प्रत्येक उघडमिटीत परिदल थोडे लांब होते. त्यामुळे पहिल्या दिवसाचे फूल आणि शेवटच्या दिवसाचे फूल मोजले तर आकारात फरक निघतो, आणि केवळ लांबी-रुंदीच्या आकड्यांवर जाती पाडणाऱ्यांनी हे विसरून चालत नाही.

काश्मीरमध्ये फिरलेल्या मराठी वाचकाने बर्फ सरताना उतारांवर पिवळी, क्रोकससारखी फुले पाहिली असतील. ती कोल्चिकम ल्यूटियमची, युनानी वैद्यकातल्या सुरंजानाची. साम्य फसवे आहे. केसरदले मोजावीत : क्रोकसला तीन, कोल्चिकमला सहा. कोल्चिकम विषारी आहे, आणि तिच्या कुलातली एक वनस्पती आपल्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते. ती कळलावी. दोघींच्या अंगात कोल्चिसीन हे एकच विष असते. क्रोकसशी त्यांचे जवळचे नाते नाही; एकाच अडचणीला दोन वेगळ्या कुलांनी दिलेले एकसारखे उत्तर असे हे साम्य आहे.

आता नावांचा इतिहास. लिनिअसने १७५३ साली वासंतिक क्रोकसला वेगळी जात मानलेच नाही. केशराच्या क्रोकस सॅटिव्हसचा एक प्रकार म्हणून त्याने ‘व्हर्नस’ हे नाव दिले. १७६५ मध्ये जॉन हिल यांनी त्याला जातीचा दर्जा दिला. पुढे एकोणिसाव्या शतकात आल्प्समधल्या लहान पांढऱ्या फुलांच्या झाडांना क्रोकस अल्बिफ्लोरस म्हणू लागले आणि ‘व्हर्नस’ हे नाव इटलीतल्या मोठ्या जांभळ्या फुलांच्या झाडांना चिकटले. बागांतले मोठ्या फुलांचे ‘डच क्रोकस’ याच झाडांपासून निवडलेले असल्याने ते नाव जगभर पसरले. २०१३ साली पिसा विद्यापीठातील लोरेन्झो पेरूझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनिअसच्या नावाचा आधारनमुना निश्चित केला, आणि निष्कर्ष निघाला की क्रोकस व्हर्नस हे नाव आल्प्समधल्या लहान फुलांच्या झाडाचेच आहे. मोठ्या जांभळ्या झाडाला क्रोकस नेआपोलिटानस म्हणायला हवे. त्यामुळे २०१३ पूर्वीच्या पुस्तकात ‘व्हर्नस’ वाचले की ते कोणते झाड, हे दर वेळी तपासावे लागते. हा किचकटपणा वाचकाने आनंदाने पत्करावा. दोन झाडे खरोखर वेगळी आहेत. लहान झाडात किंजल परागकोशांच्या खालीच राहतो, मोठ्यात तो त्यांच्या बरोबरीने किंवा वर येतो. लहान झाडाची गुणसूत्रे ८ असतात.

गुणसूत्रांचा हा विषय या प्रजातीत विलक्षण आहे. एका पेशीतली संख्या जातीनुसार ६ पासून साठाच्या पुढे जाते. वासंतिक गटातच क्रोकस टोमासिनिआनसमध्ये १६ आहेत, तर कार्पेथियन पर्वतातल्या क्रोकस ह्यूफेलिआनसच्या परिसरात १०, १४, १८ अशा वेगवेगळ्या संख्यांची झाडे आढळतात. परिदलांच्या टोकाशी गडद ठसा आणि केसहीन घसा या खुणांनी ती सारी एक वाटतात. आत डोकावले की एका नावाखाली किती वंश आहेत हा प्रश्न उभा राहतो. ब्रायन मॅथ्यू यांनी १९८२ साली केलेल्या फेरमांडणीत पूर्ण प्रजातीच्या सुमारे ८० जाती होत्या. आज मान्य जातींची संख्या दोनशेच्या वर आहे. यातल्या काही जाती फार बारीक भेदांवर उभ्या आहेत असे माझे मत आहे. पण डीएनए-अभ्यासाने जुने मोठे गट फोडले आणि त्यांतले बरेच फोडणे योग्य होते, हेही मान्य करायला हवे.

या सगळ्या इतिहासात मला जॉर्ज मॉ यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे. ते इंग्लंडमध्ये श्रॉपशरला फरश्यांचा कारखाना चालवत. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक नव्हते, कोणत्या विद्यापीठाच्या आश्रयाला नव्हते. १८७१ साली जोसेफ हूकर आणि जॉन बॉल यांच्याबरोबर ते मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतात गेले. क्रोकसच्या जाती जिवंत आणून आपल्या बेंथॉल हॉलच्या बागेत त्यांनी वाढवल्या, प्रत्येकीचे कंद, आवरण, फूल, बोंड पाहिले, स्वतः चित्रे काढली आणि १८८६ साली पूर्ण प्रजातीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळलेल्या नमुन्यांवर विसंबायचे नाही, झाड वर्षभर डोळ्यांसमोर ठेवायचे, ही त्यांची रीत होती. त्यांच्या आधी मँचेस्टरचे धर्माधिकारी विल्यम हर्बर्ट यांनीही याच वाटेने काम केले. ट्रिएस्टचे महापौर आणि वनस्पतिअभ्यासक मुत्सिओ तोम्मासिनी यांचे नाव क्रोकस टोमासिनिआनसला त्यांनीच दिले. या विषयाची दारे हौशी माणसाला कधी बंद नव्हती, आणि आजही नाहीत.

क्रोकसची कुरणे निसर्गाने एकट्याने घडवलेली नाहीत, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. स्लोव्हेनियात वेलिका प्लानिना येथे, पोलंडच्या तात्रा पर्वतात होखोवोव्स्का दरीत वसंतात दिसणारे जांभळे पट्टे हे शतकानुशतकांच्या चराईचे फळ आहे. जंगल तोडून कुरण झाले, गुरांच्या आणि मेंढ्यांच्या खताने माती सुपीक झाली, चरण्यामुळे गवत आखूड राहिले. धनगर वरच्या कुरणावर पोचतात तेव्हा क्रोकसची पाने पिवळी पडू लागलेली असतात, म्हणून खुरांचा त्याला फारसा त्रास होत नाही. चराई थांबली की उंच गवत आणि झुडपे उजेड अडवतात आणि क्रोकस विरळ होत जातो. तात्रात राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई हटवली गेली आणि पुढे मर्यादित स्वरूपात मुद्दाम परत आणली गेली. संरक्षणाचा अर्थ कुंपण घालून दूर होणे असा ज्यांना वाटतो, त्यांनी ही कुरणे पाहावीत. आता त्यांना खरा धोका आहे तो फुलांत बसून छायाचित्रे काढणाऱ्या गर्दीचा. दाबलेली पाने कंद भरू शकत नाहीत, आणि त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो.

शेवटी पहिल्या फेरीला निघणाऱ्यासाठी थोडे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि वही पुरे आहे. फूल न तोडता पुष्कळ कळते : घसा केसाळ की गुळगुळीत, घशाचा रंग, किंजल परागकोशांच्या वर की खाली, परिदलाच्या टोकाशी ठसा आहे का, पाने किती आणि किती रुंद. एका झाडावर न थांबता एकाच जागच्या वीस-पंचवीस झाडांत किंजलाची उंची पाहावी, कारण या प्रजातीत एकच झाड काही सांगत नाही. छायाचित्र वरून एक आणि बाजूने एक घ्यावे. बाजूच्या चित्रात नळीचा रंग यायला हवा. कंदाचे आवरण पाहायचे असेल तर जेथे परवानगी आहे तेथेच, बोटाने माती बाजूला सारून पाहावे आणि माती तशीच परत दाबून द्यावी. उंची, उताराची दिशा, बर्फाची कड किती दूर होती, आणि त्या वेळचे तापमान या चार नोंदी दर फुलाच्या नोंदीशेजारी लिहाव्यात. मग त्याच जागी जूनमध्ये परत जावे, बोंडे मोजावीत, आणि पानांचे वाळलेले शेंडे कोठपर्यंत पोचले आहेत ते पाहावे.